रघुमामांचं नाक

रघुमामा गाडीचं बॉनेट उघडण्याआधी डोळे मिटायचे.

"गाडी चालूच ठेवा," असं सांगून ते पुढच्या चाकापाशी उभे राहायचे, हात पाठीमागे बांधायचे, मान जराशी वर करायचे आणि सावकाश श्वास घ्यायचे. बघणाऱ्याला वाटावं, देवळात आरतीला उभे आहेत. मग डोळे उघडून एकदम निकाल. "टॅपेट कव्हर रडतंय. मागच्या कोपऱ्यातनं." तोवर बॉनेटला त्यांचा हातही लागलेला नसायचा.

इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं, त्याला गॅरेजवाले टॅपेट कव्हर म्हणतात. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची किंवा बुचाची एक पट्टी बसवलेली असते, ते पॅकिंग. उष्णता खाऊन खाऊन पॅकिंग कडक होतं, चिरतं, आणि तिथून तेल झिरपायला लागतं. ते ओघळून खाली धुराच्या तापलेल्या नळीवर पडतं आणि जळतं. गाडीत बसलेल्याला सिग्नलला उभं राहिल्यावर कधीतरी करपट वास येतो आणि तो पुढच्या रिक्षाला शिव्या देतो. मामांना तो वास रस्त्याच्या पलीकडून यायचा. सायकलवरून जाता जाता ते थांबायचे, अनोळखी माणसाच्या काचेवर टकटक करायचे आणि सांगायचे, "स्वामी, तुमची गाडी तेल पितीय आणि तुमच्या नाकासमोर ओकतीय." लोक चिडायचे. पण त्यांतले बरेचजण पुढच्या आठवड्यात बोगादी रोडवर त्यांच्या शेडसमोर उभे दिसायचे.

आमची गल्ली शिंप्यांची. आमचे लोक मैसूरला कधी आणि कोणाबरोबर आले, हे कोणालाच नीट माहीत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि भांडताना दोन्ही, एवढं मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचं देऊळ आणि दुपारभर प्रत्येक घरातून शिलाई मशीनचा आवाज. मामांच्या वडिलांनी आयुष्यभर कोट शिवले. मामांना मशीनवर बसवलं की ते मशीन उघडून ठेवायचे. शेवटी वडिलांनीच त्यांना एका गॅरेजात नेऊन सोडलं आणि घरी येऊन सांगितलं, "हा कापडाचा नाही." पुढे मामांचं लग्न इंदूमामींशी झालं. मामी ब्लाउज शिवायच्या, त्यामुळे मशीनचा आवाज त्या घरातून काही गेला नाही. आमचं घर बरोबर समोर. ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझ्या आईला त्यांनी बहीण मानलं होतं, म्हणून मामा.

उंच, सडपातळ, आणि चेहऱ्यावर सगळ्यात आधी दिसायचं ते धारदार, लांब नाक. गॅरेजात पांढरा शर्ट घालून काम करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तो शर्ट संध्याकाळी तसाच पांढरा घरी यायचा. त्यांचा स्वभाव मात्र त्या शर्टासारखा नव्हता. तोंड अतिशय वाईट. हाताखाली माणूस टिकायचा नाही. कोणी पाना चुकीच्या दिशेने फिरवला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार कन्नडमधून सुरू व्हायचा आणि मराठीत संपायचा. गिऱ्हाइकालाही सोडायचे नाहीत. एकदा एका बिल्डरने घाई केली. म्हणाला, "पॅकिंग बदलायला वेळ नाही, बाहेरून जरा सिलिकॉन फासून द्या, गळायचं थांबलं की झालं." मामांनी त्याच्याकडे बघितलं, गाडीचा गिअर काढला आणि एकट्याने ढकलत ती गाडी शेडबाहेर रस्त्याच्या कडेला नेऊन उभी केली. "पावडर लावणारे पुढे आहेत," ते म्हणाले. "तिकडे जा."

त्यांचं काम बघायला मला आवडायचं. आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग गिऱ्हाईक कितीही तळमळो. "चिडलेल्या माणसाशी बोलतीस का तू? मग तापलेल्या इंजिनाला कशाला हात लावायचा?" मग वायरी बाजूला, बोल्ट एकेक करून ओळीने कापडावर, झाकण वर. जुनं पॅकिंग चिकटून बसलेलं असायचं, ते लाकडाच्या चपट्या काडीने खरवडायचे. लोखंड लावायचे नाहीत, ओरखडा पडला की तिथून पुन्हा गळणार. काचेच्या तुकड्यावर झाकण उपडं ठेवून बघायचे, वाकलंय का. इंजिनाचा कोंडलेला वाफारा बाहेर सोडणारी नळी फुंकून साफ करायचे, कारण ती तुंबली की आतला दाब नव्या पॅकिंगलाही बाहेर ढकलतो. आणि शेवटी बोल्ट आवळताना आधी मधले, मग कडेचे, थोडे थोडे, पुन्हा पहिल्यापासून. "गच्च आवळलं म्हणजे घट्ट बसलं असं नसतं, शैला," असं म्हणून पाना बाजूला ठेवायचे. सगळं झालं की गाडी चालू करायची, डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा. "साफ," म्हणाले की काम संपलं.

त्यांच्या नाकाची कीर्ती गॅरेजबाहेर गेली ती माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात. देवळामागच्या हॉलमध्ये लग्न होतं. भटजी अंतरपाट धरायच्या तयारीत, वाजंत्री थांबलेली, आणि पुरुषांच्या ओळीत बसलेले मामा एकदम उभे राहिले. कोणाला काही न सांगता ते तरातरा स्वयंपाकघरात गेले. आतून त्यांचा आवाज आला, "चूल विझवा! सगळे बाहेर!" आचारी हसला. म्हणाला, "अहो राय्रे, सारू उकळतंय, आत्ता कशी विझवू?" मामांनी शेजारची ताकाची घागर उचलली आणि पेटत्या शेगडीवर ओतली. आरडाओरडा, ताकाचा चिखल, मुहूर्त टळतोय म्हणून मुलाचे वडील लालेलाल. मामांनी सगळ्यांना अंगणात काढलं आणि मागच्या कोठीचं दार उघडलं. तिथे कोणी जात नव्हतं. गॅसची नळी तिथूनच आली होती आणि भिंतीपाशी चिरली होती. दार उघडल्यावर तो वास सगळ्यांनाच आला. गॅसवाला माणूस आल्यावर त्याने नळी हातात घेऊन बघितली आणि तो पायरीवर बसूनच राहिला.

त्या दिवसापासून गल्लीतली मुलं त्यांना मूगप्पा म्हणायला लागली. मूगु म्हणजे कन्नडमध्ये नाक. मामा त्यांच्यावर ओरडायचे, पण त्यांना ते नाव आवडलं होतं. माणसाला स्वतःबद्दल एखादी गोष्ट इतकी वर्षं इतक्या लोकांनी सांगितली की तो तीच होऊन बसतो. मामांचं तसं झालं होतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या घरात दोघांनाही ताप आला. मामी लवकर उठल्या. मामांना दवाखान्यात न्यावं लागलं नाही, पण ते फार खंगले. मी दारात डबा ठेवायचे. गेटच्या जाळीतून ते हात जोडायचे. मग शेड पुन्हा उघडली, पांढरा शर्ट पुन्हा दिसायला लागला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

मामांचा कॉफीवाल्याशी जुना वाद होता. समोर दळून घेतलेली पावडर नाकाशी नेऊन ते रोज सांगायचे की चिकोरी जास्त घातलीस, आणि कॉफीवाला रोज शपथ घ्यायचा. आजारातून उठल्यावरही ते जायचे, पुडी नाकाशी न्यायचे, भांडायचे. कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं. कळलं ते मामींना. त्यांनीच मला हे खूप नंतर सांगितलं. एका सकाळी दूध खाली लागलं, घरभर करपट वास सुटला. दुसरं दूध नव्हतं, म्हणून मामींनी त्याच दुधाची कॉफी करून पुढे ठेवली. कप भिंतीवर आपटणार याची त्यांना खात्री होती. मामांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि पेपर उलटत म्हणाले, "आज फर्स्ट क्लास झालीय."

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मामांनी मान वर केली आणि मामी बघतायत हे बघितलं.

"कधीपासून?" मामींनी विचारलं.

"तापापासून."

"अय्यो, मग डॉक्टरला दाखवायचं नाही? बाकीच्यांचं आलंय की परत."

"येईल. येईल म्हणून थांबलोय." मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "कोणाला बोलू नकोस. शैलालासुद्धा नाही. नाकासाठी डॉक्टरकडे गेलो तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

"आणि गाड्या?"

"गाड्या डोळ्यांनी बघतो. सगळं जग डोळ्यांनीच बघतंय, अल्वा? नाही का?"

आणि खरोखरच ते डोळ्यांनी बघायला लागले. गिऱ्हाइकासमोर तेच, हात पाठीमागे, डोळे मिटलेले, सावकाश श्वास. गिऱ्हाईक गेलं की ते टॉर्च घेऊन इंजिनाखाली शिरायचे. पांढऱ्या कापडाची पट्टी कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायचे. वेळ दुप्पट लागायचा, पण तेलाचं गळणं सापडायचं. कारण तेल डाग ठेवतं. पेट्रोल तसं नाही. ते उडून जातं, मागे असतो तो फक्त वास.

नागरत्ना टीचर मामांच्या जुन्या गिऱ्हाईक. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बोगादीला एकट्या राहणाऱ्या, एक लहानशी जुनी गाडी स्वतः चालवणाऱ्या. दर रविवारी त्या येलवालला थोरल्या बहिणीकडे जायच्या. बहीण अंथरुणाला खिळलेली होती. तिला न्हाऊ घालणं, तिचे केस विंचरणं, हे टीचरांनी कधी दुसऱ्यावर सोडलं नाही. मामा ज्यांच्यावर कधीच ओरडले नाहीत अशी जी दोनचार माणसं होती, त्यांत टीचर पहिल्या. त्या आल्या की मामा स्टूल पुसून द्यायचे.

एका शनिवारी टीचर गाडी घेऊन आल्या. सिग्नलला करपट वास येतो म्हणाल्या. टॅपेट कव्हरचंच काम होतं, मामांनी हजारदा केलेलं. त्या गाडीत पेट्रोलची रबरी नळी झाकणाच्या मागून जाते. मागच्या बोल्टपर्यंत पाना पोचायचा तर ती नळी बाजूला सारावी लागते. मामांनी सारली. झाकण काढलं, खरवडलं, नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट ओळीने आवळले, नळी जागेवर आणली. ती नळी जुनी होती. वाकवल्यावर क्लिपच्या खाली, जिथे डोळा जात नाही तिथे, ती चिरली. मामांनी गाडी चालू केली. टीचर स्टुलावर बसून बघत होत्या. मामांनी डोळे मिटले, श्वास घेतला.

"साफ," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हुणसूर रोडवर, येलवालच्या अलीकडे, बॉनेटमधून धूर यायला लागला. टीचरांना वाटलं पाणी तापलंय. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरल्या आणि बॉनेट उचललं. आत जे धुमसत होतं त्याला वारा मिळाला. जाळ अंगावर आला तेव्हा त्यांचे दोन्ही हात बॉनेटला होते.

उसाचा ट्रॅक्टर घेऊन चाललेल्या माणसांनी त्यांना ओढून काढलं. गाडीचा सांगाडा उरला. विम्यासाठी पाहणी करून गेलेल्या माणसाने जुनं वायरिंग असं लिहून टाकलं, आणि गल्लीतही तेच सगळे म्हणाले. इतकी जुनी गाडी, वायरिंगच असणार.

मामांनी ही बातमी ऐकली तेव्हा ते जेवत होते. ताटावरून उठले. हात धुतला. "नळी," एवढंच म्हणाले, असं मामी सांगतात. मग रात्रभर अंथरुणावर बसून राहिले.

टीचरांना भेटायची परवानगी मिळाली, तेव्हा मामींनी मला बरोबर यायला सांगितलं. "मला एकटीला त्यांना आवरायला जमणार नाही," त्या म्हणाल्या. मला अर्थ कळला नव्हता.

खोलीत औषधाचा इतका उग्र वास होता की मी पदर नाकाला लावला. मामा सरळ आत गेले. टीचरांचा चेहरा एका बाजूने सुजलेला, आणि हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशांवर ठेवलेले. त्यांनी मामांना ओळखलं आणि उलट त्यांचंच समाधान करायला लागल्या.

"राय्रे, तुम्ही कशाला त्रास करून घेतलात? गाडी म्हातारी झाली होती. माझी बहीण रोज विचारते म्हणे, रत्ना का आली नाही. तिला अजून सांगितलेलं नाही."



टीचर छताकडे बघत म्हणाल्या, "खरं सांगू? घरातून निघाल्यापासून वास येत होता. पेट्रोलचा. दोनदा मनात आलं, थांबावं. मग म्हटलं, कालच रघुनाथरायांनी स्वतः उभं राहून बघितलीय. काही असतं तर माझ्याआधी त्यांना कळलं असतं. म्हणून काच खाली केली आणि गेले."

मामींनी माझा दंड घट्ट धरला. मामांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर हात ठेवला.

"टीचर, मला वास येत नाही."

"काय?"

"कशाचाच येत नाही. ताप आला होता ना, तेव्हापासून. मी नुसता उभा राहतो. त्या दिवशी तुमच्यासमोर पण नुसताच उभा राहिलो. नळी माझ्या हाताने चिरली असणार. नाक असतं तर कळलं असतं. कोणालाही कळलं असतं."

टीचरांना ते समजायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "हे कोणाला माहीत होतं?"

"हिला."

टीचरांनी मान वळवून मामींकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, निदान मला तरी दिसला नाही. वर्गात एखादी हुशार मुलगी कॉपी करताना सापडल्यावर शिक्षिका जशी बघेल, तसं काहीसं होतं ते. मामींनी मान खाली घातली.

"होगि," टीचर म्हणाल्या. जा. आवाज अगदी हळू होता. मामा उभेच राहिले, तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, "राय्रे, दयविट्टु होगि." कृपा करून जा.

बाहेर व्हरांड्यात मामींचा बांध फुटला. इतकी वर्षं समोर राहून मी त्यांना नवऱ्यावर आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. "काय गरज होती सांगायची? वायरिंग म्हणून लिहून गेलेत ते! तुमच्या सांगण्याने तिचे हात परत येणार आहेत? आता आपण कुठे तोंड दाखवायचं?"

"ती माझ्या भरवशावर बसली गाडीत," मामा म्हणाले. "वास येत असताना बसली, इंदू."

"साकु!" मामी म्हणाल्या. "पुरे झालं तुमचं." आणि बाकावर बसून तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या.

त्यानंतर मामांनी जे केलं त्याला गल्लीतल्या निम्म्या लोकांनी वेडेपणा म्हटलं. तापातून उठल्यापासून ज्या ज्या गाडीला त्यांनी हात लावला होता, तिच्या मालकाच्या घरी ते सायकलने गेले. गेटबाहेर उभे राहायचे, आत यायचे नाहीत. "माझं नाक गेलंय. मी तुम्हाला सांगितलं नाही. गाडी दुसऱ्या कोणाला दाखवून घ्या." एवढं सांगून निघायचे. काहींनी चहाला बोलावलं. एक जण, तो मघाचा बिल्डर, पुढे मामांकडेच परत आलेला, ऐकून मोठमोठ्याने हसला. एका घरातल्या बाईंनी आपली लहान मुलं त्या गाडीतून शाळेत जातात म्हणून मामांना रस्त्यावर उभं करून इतकं बोलून घेतलं की आजूबाजूची दारं उघडली. मामा ऐकून घेत होते. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचा एक शब्द ऐकून घेतला नाही, तो मान खाली घालून ऐकत होता.

आमच्याकडेही आले. मी म्हटलं, "मामा, आत या, निदान पाणी तरी प्या."

"नको. गाडी दाखव दुसऱ्याला. सुम्ने, उगाच म्हणून टाळू नकोस."

आम्ही दाखवली. तिच्यात काही दोष नव्हता. आमच्याच काय, बाकी कोणाच्याही गाडीत काही सापडलं नाही. मी हे मामांना सांगितलं, पण त्यांना त्याने बरं वाटलं असं दिसलं नाही.

शेडला कुलूप लागलं. टीचरांचा भाचा प्रशांत बंगळूरहून आला, मावशीचे हात बघितले आणि पोलीस स्टेशनला गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही गेले असते. केस उभी राहिली. वकील म्हणाला, गाडीची राख झालीय, पुरावा काही नाही, दवाखान्यात भावनेच्या भरात बोललो म्हणा, सुटाल. मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मी कबूल करणार आहे. तुम्ही फक्त कुठे उभं राहायचं ते दाखवा."

त्या मधल्या महिन्यांत त्या घरातून आवाज यायचा तो फक्त मामींच्या मशीनचा. दोघं एकमेकांशी फार बोलत नव्हती. मामा ओट्यावर बसून असायचे. गल्लीतून गाडी गेली की त्यांची मान आपोआप वर व्हायची आणि मग ते ती खाली करायचे. एक दिवस मामींनी मला बोलावून एक पिशवी हातात दिली. आत ब्लाउज होते, पुढून उघडणारे, सैल, हुकाबटणाशिवाय. नुसते बंद, दातांनीसुद्धा ओढता येतील असे लांब. "टीचरांना बोटं मिटता येत नाहीत म्हणे," मामी म्हणाल्या. "रोज शेजारणीला बोलवावं लागतं अंगात घालायला. कोणी दिले ते सांगू नकोस."

टीचरांनी पिशवीतून एक ब्लाउज दोन्ही मनगटांत धरून वर उचलला. "कोणी शिवले?" त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. त्या बराच वेळ तो शिवणीकडून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाहीचं माप बरोबर आहे." पिशवी त्यांनी परत केली नाही. निरोपही काही दिला नाही. मी घरी येऊन मामींना तेवढंच सांगितलं, बाहीचं माप बरोबर आहे म्हणाल्या. मामी मशीनवर डोकं टेकून बसल्या.

मामा आणि मामी आता दावणगेऱ्याला मुलीकडे असतात. समोरच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलंय. मामांना मी शेवटचं पाहिलं ते कोर्टात. मी कडकोळला नोकरी करते, तिथल्या ऑफिसातून त्या दिवशी रजा घेतली होती.

न्यायाधीश तरुण बाई होत्या. आरोप वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, कबूल आहे का. मामा म्हणाले, "हौदु." हो. परिणाम माहीत आहेत ना, असं त्यांनी पुन्हा समजावून विचारलं. मामा पुन्हा म्हणाले, "हौदु." मग त्यांनी टीचरांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का.

टीचर उभ्या राहिल्या. जखमा भरल्या होत्या. हातांची कातडी गुलाबी, ताणलेली होती आणि बोटं आत वळून तशीच राहिली होती. वर्गात बोलतात तशा स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, "मी यांना माफ केलेलं नाही. माझी बहीण मागच्या महिन्यात गेली. शेवटचे दिवस तिचे केस मला विंचरता आले नाहीत. ते मी विसरणार नाही." त्या थांबल्या. "पण यांनी स्वतः येऊन सांगितलं नसतं, तर मला कधीच कळलं नसतं. मी वायरिंगला दोष देत बसले असते. हेही खरं आहे. दोन्ही लिहून घ्या."

न्यायाधीशबाईंनी दोन्ही लिहून घेतलं.

शिक्षा झाली ती दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं. वकील आनंदाने मामांच्या पाठीवर थाप मारून गेला. पोलिसाने त्यांना मागच्या बाकावर बसवलं. टीचर प्रशांतबरोबर निघाल्या, तेव्हा त्या बाकाजवळून गेल्या. मामा उभे राहिले. टीचर थांबल्या नाहीत. त्या दाराबाहेर जाईपर्यंत मामा उभेच होते.

मग दिवसभर दुसऱ्यांच्या केसेस चालल्या. कोणाची भिंत, कोणाचा चेक, कोणाची मारामारी. मामी त्यांच्या शेजारी बसल्या होत्या, मधे एक बोट जाईल इतकं अंतर ठेवून. दुपारी त्यांनी डबा उघडून चपातीचा तुकडा पुढे केला, मामांनी तो घेतला. संध्याकाळी न्यायाधीश उठल्या, सगळे उभे राहिले, त्या आत गेल्या आणि खोली रिकामी व्हायला लागली.

पोलीस जवळ आला. वयाने मोठा होता, आवाजही मऊ होता. "मुगीतु, राय्रे," तो म्हणाला. "संपलं. घरी जा आता."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. "एवढंच?"

"एवढंच."

मामी उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि वाट बघत उभ्या राहिल्या. मी दार धरून उभी होते. मामा परत बाकावर बसले. झाडायला बाई आली. पलीकडच्या टोकापासून झाडत झाडत ती त्यांच्यापाशी आली आणि पाय वर घ्या म्हणाली. मामांनी दोन्ही पाय वर घेतले, ती खालून झाडून पुढे गेली, आणि त्यांनी ते पुन्हा खाली ठेवले. उठले मात्र नाहीत.